बॅटीखालचं ऊन

मस्कतमध्ये एखाद्या शनिवारी संध्याकाळी तुमच्या दाराची बेल वाजली, आणि समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, साठीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस दोन्ही हातांत शेंडीचा नारळ धरून उभा असेल, तर घाबरू नका. तो वर्गणी मागायला आलेला नाही. त्याने आदल्या दिवशी सकाळी तुम्हाला चुकीचं आउट दिलेलं आहे, एवढंच.

"मी चुकलंय," तो म्हणेल. नारळ तुमच्या हातात देईल. तुम्ही आत बोलवाल, तो चपला काढून आत येईल, पण बसणार नाही. चहा नको, सरबत नको. फक्त पाणी. भिंतीला पाठ न टेकता उभ्याने ते पाणी पिईल, घरभर एकदा नजर फिरवील, आणि जाईल. बसायचा आग्रह केलात तर म्हणेल, "चुकलेल्या माणसान बसाचा नसता."

हे भिकाजी घाडी. आमच्या शुक्रवारच्या लीगचे अंपायर. मूळ गाव मालवणच्या पुढे, खाडीच्या काठाला. ओमानात सव्वीस वर्षं.

मी त्यांना जवळजवळ तितकीच वर्षं ओळखतो, कारण वादी कबीरमध्ये माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि मागच्याच गल्लीत ते काम करतात ती मशीन शॉप आहे. मी दुकानात हेल्पर म्हणून आलो होतो, आज दुकान माझं आहे. मधल्या काळात कोणाकडून काय ऐकून घेतलं आणि कोणाला काय ऐकवलं हा वेगळा विषय. इतकंच सांगतो, की भाव करताना मी आजवर फार कमी माणसांपुढे हरलो आहे, आणि त्यातल्या एकाच माणसापुढे वारंवार हरलो आहे.

इंजिन तापलं की त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकतं. केसाएवढं वाकतं, पण तेवढ्याने गाडी बसते. घाडीभाऊंचं काम ते वाकलेलं हेड तपासण्याचं. हेड टेबलावर ठेवायचं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरायची, डोळा टेबलाच्या पातळीला आणायचा, आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला, हेड वाकलं. नाही दिसला, सरळ. एखादं गिऱ्हाईक माझ्याकडून हेडखाली घालायचं नुसतं गॅस्केट घेऊन खूश होऊन निघालेलं असायचं आणि पंधरा मिनिटांत परत यायचं.

"तो म्हातारा म्हणतो हेड वाकलंय. गॅस्केट आता नको."

मी तणतणत मागच्या गल्लीत जायचो. "घाडीभाऊ, दिसतंय काय तुम्हाला त्यात? मला तर सरळ दिसतं!"

"शेठ, तुमी वरसून बघतास. खाली वाका."

मी वाकायचो. मला काही दिसायचं नाही. त्यांना दिसायचं. मग यंत्रावर घालून मोजलं, की नेमकं तेवढंच वाकलेलं निघायचं. चीड त्याची यायची.

मैदानावरही हा माणूस तसाच. आमचं मैदान म्हणजे डोंगराच्या पायथ्याची खडीची सपाट जागा, मधे सिमेंटची खेळपट्टी, तिच्यावर हिरवी मॅट. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून सकाळी साडेसहाला पहिला चेंडू. घाडीभाऊ सहाला हजर. अंगात मशीन शॉपचाच पांढरा डगला, धुऊन, नीळ घालून. पण डाव्या खिशावरचा ऑइलचा डाग काही जात नाही. चेंडू मोजायला त्यांच्याकडे दहा नंबरचे सहा नट. प्रत्येक चेंडूला एक नट डाव्या खिशातून उजव्या खिशात. षटक संपलं की खिसा एकदा खुळखुळवून बघणार. एकदा आमच्या कॅप्टनने गंमत म्हणून त्यांच्या खिशात सातवा नट टाकला. घाडीभाऊंनी सहावा चेंडू झाल्यावर खेळ थांबवला, नट बाहेर काढला, उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यो बारा नंबर. कोणाची गाडी सैल झालीहा?"

चुका? चुका सगळेच अंपायर करतात. आमच्या लीगमध्ये तर चूक झाली की तिची पंचवीस माणसं साक्षीदार आणि पंचवीस मतं. पण बाकीचे अंपायर चूक झाली की घड्याळात बघतात. घाडीभाऊ चूक शोधायला जात. तंबूत कोणाची ना कोणाची बायको, बहीण, मेहुणा मोबाइलवर शूटिंग करत असतोच. सामना संपला की घाडीभाऊ चष्मा लावून त्या माणसाकडे जायचे. "दाखवा." तीनदा बघायचे. चौथ्यांदा कधी नाही. चूक दिसली की शनिवारी सलालाहून आलेला नारळ घेऊन त्या खेळाडूच्या दारात.

एकदा लाहोरच्या एका फास्ट बोलरला त्यांनी चुकून पायचीत दिलं. रुवीत तो आठ जणांबरोबर राहायचा. घाडीभाऊ गेले, नारळ दिला, "भाईसाब, गलती हो गया" म्हणाले, पाणी प्यायले, आले. आठ जणांत नारळ कोणालाच फोडता येईना. शेवटी त्यांनी तो गाडीच्या जॅकच्या दांड्याने फोडला. पुढच्या शुक्रवारी तो बोलर मला म्हणाला, "सेठ, इस बंदे से कहो, मुझे हर हफ्ते ग़लत आउट दे."

माबेलाला एक नवं जोडपं राहायचं, पुण्याचं. नवरा आमच्या विरुद्धच्या संघातला सलामीचा फलंदाज. घाडीभाऊ लिफ्ट मागत मागत चाळीस मिनिटांवर गेले. नवरा झोपलेला. बायकोने दार उघडलं, नारळ बघितला आणि विचारलं, "केवढ्याला दिला?"

"इकूक नाय, बाय. चुकीचो आसा."

"चुकीचा म्हणजे? खराब आहे का?"

नवरा उठून बाहेर येईपर्यंत तिने नारळ कानाशी हलवून पाणी आहे की नाही ते तपासलं होतं आणि दुसरा बदलून मागितला होता.

हे सगळे किस्से मीच लोकांना रंगवून सांगायचो, आणि सांगताना मनातून जळायचो. कारण माझ्या दारात हा माणूस नारळ घेऊन कधीच आला नाही. आणि ओमानच्या क्रिकेटमध्ये सगळ्यांत मोठा अन्याय झाला असेल तर तो माझ्यावर झाला होता.

आठ वर्षांपूर्वीची फायनल. डिसेंबरातली सकाळ. शेवटचा चेंडू, मी खेळत होतो. दोन धावा निघाल्या तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर साखळीत आम्ही वर असल्याने कप आमचा. मी चेंडू ढकलला, एक पळालो, वळलो, दुसऱ्यासाठी जीव खाऊन पळालो, बॅट पुढे टाकली आणि आडवा पडलो. ढोपर फुटलं, कोपर फुटलं. बॅट रेषेच्या आत वीतभर होती. वीतभर! यष्ट्या नंतर उडाल्या का आधी, हा वादच नाही, कारण बॅट आत होती.

घाडीभाऊ बाजूला स्क्वेअर लेगला उभे होते. कमरेत वाकलेले. त्यांनी हळूच बोट वर केलं.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले. "शेठ, बॅट आत होती. पण टेकली नव्हती. बॅटीखाली ऊन दिसला माका."

ऊन दिसला! पळणाऱ्या, पडणाऱ्या माणसाच्या बॅटीखाली! माझ्या बायकोने तंबूतून शूटिंग केलं होतं. घाडीभाऊंनी चष्मा लावून तीनदा बघितलं, मोबाइल परत केला आणि पुन्हा तेच म्हणाले. "ऊन आसा." मी बघितलं. मला बॅट दिसली, रेषा दिसली, माझं ढोपर दिसलं. ऊन सगळ्या मैदानावरच होतं.

ती क्लिप मी किती लोकांना पाठवली त्याला गणती नाही. आठ वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक क्रिकेटवाल्याला चहा पाजून दाखवली. घाडीभाऊंशी बोलणं तोडलं नाही, धंद्यात तसं करून चालत नाही. पण दर सहा महिन्यांनी मी विषय काढायचोच.

"घाडीभाऊ, तुम्हीही सरकू नका, मीही सरकत नाही. मधला मार्ग काढू. अर्धा नारळ द्या."

"अर्धो नारळ चुकीचो नसता, शेठ. अर्धो नारळ वाटपाचो."

"मग म्हणा, नक्की दिसलं नव्हतं. एवढं म्हणा."

"दिसलेला नाय दिसला कसा म्हणू?"

असं हे आठ वर्षं.

दोन वर्षांपूर्वी लीगची मीटिंग झाली. तरुण पोरांचं म्हणणं, आता व्हिडिओ लावायचा. दोन्ही बाजूंना स्टँडवर मोबाइल, तंबूत एक टीव्ही, प्रत्येक संघाला डावात एकदा दाद मागता येईल. बाकीचे अंपायर उखडले. एक म्हणाला, "फुकट उभे राहतो उन्हात, वर आमच्यावर पहारा?" दुसरा म्हणाला, "मग मशीनलाच टोपी घाला." मी कोपऱ्यात बसून मजा बघत होतो. मला खात्री होती, सगळ्यांत मोठा विरोध घाडीभाऊ करणार. छत्तीस वेळा बोट वर केलेला माणूस तो.

घाडीभाऊ उठले. "लावा," म्हणाले.

बाकीचे अंपायर वळून बघायला लागले.

"आमी हेडाक पट्टी लावतो. त्यात हेडाचो अपमान होणा नाय. लावा."

आणि बसले. खलास. पुढच्या महिन्यात टीव्ही आला.

त्या मोसमात त्यांचे पाच निर्णय फिरले. बाकीचे अंपायर निर्णय फिरला की बोट असं खाली करायचे, जणू डासच हाकलत होते. घाडीभाऊ टीव्हीसमोरून परत खेळपट्टीपर्यंत चालत यायचे, फलंदाजासमोर उभे राहायचे आणि दोन्ही कान पकडायचे. सगळ्यांदेखत. मग बोटाने निर्णय मागे घ्यायचे आणि नट उजव्या खिशात टाकायचे. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा टाळ्या वाजल्या. तिसऱ्यांदा तो फलंदाजच ओशाळून म्हणाला, "काका, बस ना, चलता है."

मला मनातून बरं वाटत होतं हे कबूल करतो. आता हा माणूस चुकतो हे सगळ्या जगाला दिसत होतं. पाच चुका करणारा सहावी केली नाही म्हणतो म्हणजे काय?

त्याच दिवसांत एक गोष्ट बघितली आणि विसरून गेलो. शनिवारी संध्याकाळी भाजीच्या दुकानात मी टोमॅटोच्या भावावरून वाद घालत होतो. पलीकडे घाडीभाऊ उभे. एक नारळ उचलला, कानाशी हलवला, शेंडी नीट केली, आणि परत ठेवून दिला. काही न घेता गेले. मी दुकानदाराला म्हटलं, "नारळ चांगला नाही का?" तो केरळचा. म्हणाला, "अच्छा है. ये आदमी हर शनिवार आता है, हिलाता है, रख देता है."

मला वाटलं, कंजूस.

यंदा जुलैत माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. मी जेवताना फायनलचा विषय काढला. बायकोने पोळी ताटात टाकली ती जरा वरूनच टाकली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुझी ती क्लिप फॉरवर्ड करून करून धुरकट झालीये. ओरिजिनल कुठाय?" ओरिजिनल बायकोच्या जुन्या फोनमध्ये, फोन कपाटात. तिने तो चार्ज केला, टीव्हीला जोडला आणि दुपारी चारच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये आठ वर्षांपूर्वीची सकाळ मोठ्या पडद्यावर लागली.

मी सोफ्यावर मांडी घालून बसलो. आता बघा म्हटलं.

मुलगी एकेक चित्र पुढे सरकवत होती. मी पळतोय. मी बॅट टाकली. बॅट रेषेच्या आत. "बघ! बघ!" मी ओरडलो. "वीतभर!"

तिने पुढचं चित्र आणलं. यष्ट्या उडालेल्या. मग मागे गेली. मग बॅट मोठी केली.

बॅट हवेत होती. फार नाही. केसाएवढी. समोरून डोंगरावरून आलेलं सकाळचं तिरपं ऊन बॅटीखालून घुसून मॅटवर पडलं होतं, पिवळी सरळ रेघ, बॅटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा," मुलगी म्हणाली, "बॅटच्या खाली लाइट आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठ वर्षं माझं ऐकलेली बाई. मला वाटलं आता काही तरी बोलेल. ती आत गेली आणि तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात दोघांशी भांडलो. शनिवारी त्याच केरळवाल्याकडे गेलो, नारळ उचलला, कानाशी हलवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सांगितलेला भाव मी एका शब्दाने कमी न करता दिला. त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

निघताना बायकोने हातात स्टीलचा डबा दिला. मटकीची उसळ, दोन भाकऱ्या, लसणाची चटणी. माझ्या बायकोचे डबे ही एक वेगळी संस्था आहे. प्रत्येकावर तिचं नाव कोरलेलं, कुठला डबा कोणाकडे गेलाय हे तिला तोंडपाठ. "डबा लगेच रिकामा करून आणा," ती म्हणाली.

घाडीभाऊंची खोली मशीन शॉपच्या वरच. इतक्या वर्षांत मी तो जिना कधी चढलो नव्हतो. दार त्यांनीच उघडलं. दोन खाटा, एकीवर गादी नाही. एक प्लॅस्टिकची खुर्ची. खिडकीत घड्या घातलेला पांढरा डगला.

मी नारळ पुढे केला. बोलायला पुष्कळ घोकलं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच. "घाडीभाऊ, ऊन होतं."

त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. मग एकदम गडबडले. खुर्ची पुढे ओढली, पुसली, पुन्हा पुसली. "बसा शेठ, बसा. पाणी..." पेला एकच होता, तो विसळायला धावले.

मी म्हटलं, "चुकलेल्या माणसाने बसायचं नसतं ना?"

"ता माझ्यासाठी," ते म्हणाले. "तुमी बसा. माझ्याकडे कोण येणा नाय."

मी बसलो. ते खाटेच्या कडेवर. डबा उघडला, वास आला, आणि हा माणूस बोलायला लागला. मला वाटलं क्रिकेटवर बोलेल. ते घरांवर बोलत होते. माबेलाच्या त्या घरात दारामागे आधीच्या भाडेकरूच्या मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. सलामीच्या दुसऱ्या एका फलंदाजाच्या घरी मुलगी मराठी पाढे अडखळत म्हणत होती, सातावर अडली, आणि घाडीभाऊंनी दारातून "सात सत्ते एकूणपन्नास" असं सांगितलं होतं. कोणाकडे कढीला फोडणी पडत होती. कोणाच्या आजीने गावाहून आणलेली गोधडी वाळत होती. रुवीतल्या त्या आठ जणांनी नारळ फोडल्यावर खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्यासाठी शुक्रवारपर्यंत डब्यात ठेवला होता. सगळं पाठ. कुठल्या निर्णयात काय चुकलं ते मात्र त्यांना आठवत नव्हतं.

घाडीभाऊंची बायको-मुलं गावी. फॅमिली व्हिसा बसेल एवढा पगार कधी झालाच नाही. सव्वीस वर्षांत ते मस्कतमधल्या घरांत गेले ते फक्त चुकले म्हणून.

"आता व्हिडिओ आला," ते म्हणाले. "चूक थयच मैदानात मिटता. घरापर्यंत येणा नाय."

मला तो कानाशी हलवून ठेवलेला नारळ आठवला. मी जरा चिडूनच विचारलं, "मग मीटिंगमध्ये 'लावा' कशाला म्हणालात? तुम्ही नाही म्हटलं असतं तर टीव्ही आलाच नसता!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वाकलेल्या हेडकडे बघतात. "माका घरां बघूक गावतत म्हणान लोकांका खोटा आउट देव?"

ते भाकरीचा तुकडा मोडत, खाली बघत म्हणाले, "तुमच्या घराक येवचा होता माका. आठ वर्षां. वैनीच्या हातची चव लोक सांगतत. पण काय करू शेठ? तुमी आउट होतात."

थोड्या वेळाने मी उठलो. ते डबा घेऊन विसळायला निघाले. मी दार गाठलं.

"शेठ, डबो!"

"राहू दे."

"रिकामो डबो ऱ्हवलो तर वैनी..."

"रिकामा पाठवायची आमच्यात पद्धत नाही. तुमच्यात आहे?"

"नाय," ते म्हणाले.

"मग ठरलं." आणि मी जिना उतरलो. भाव ठरल्यावर फार वेळ थांबायचं नसतं.

घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, "डबा?"

"तिकडेच राहिला."

तिने माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आता ही ओरडेल. "झाकणासकट ना?" तिने विचारलं.

"झाकणासकट."

"मग बरं."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात माझ्या बायकोचं नाव कोरलेला डबा, आत माझ्याच नारळाच्या वड्या, एका बाजूने जरा करपलेल्या. घाडीभाऊ चपला काढून आत आले आणि सवयीने भिंतीजवळ उभे राहिले. घरभर नजर फिरली. माझ्या मुलीचे फोटो, खिडकीतली तुळस, टीव्ही. तोच टीव्ही.

मुलगी पाणी घेऊन आली. त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग सोफ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बसू?"

"बसा," मी म्हणालो. "आज तुम्ही कुठे चुकलाय?"

ते बसले. आधी कडेवर, मग थोडे मागे. आतून डबा विसळल्याचा आवाज आला, आणि मग त्यात काहीतरी भरल्याचा.